सौंसरच्या पगारपत्रकातला राज्याचा वाटा

अमेरिकेसारख्या देशात केंद्राचा प्राप्तिकर वेगळा आणि राज्याचा वेगळा असतो. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाला दोन्ही भरावे लागतात, तर टेक्सासमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला राज्याचा प्राप्तिकर मुळीच भरावा लागत नाही. भारतात अशी दुहेरी रचना नाही, असे सर्वसाधारणपणे समजले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, म्हणजे ज्या विषयांवर फक्त संसदेने कायदा करावयाचा त्यांच्या यादीत, ८२ व्या नोंदीने शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे दिला आहे; राज्यसूचीत मात्र ४६ व्या नोंदीने शेतीच्या उत्पन्नावरील कर आणि ६० व्या नोंदीने व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवरील कर राज्यांकडे सोपविला आहे. मध्यप्रदेशातील सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव या परिसरातील वाचकाने आपल्या गावच्या शाळेचा, दवाखान्याचा आणि नळयोजनेचा खर्च कोणत्या करातून भागतो हे समजून घ्यावयाचे असेल, तर या तीन नोंदींपासूनच सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण त्यांतील पहिलीचा पैसा दिल्लीमार्गे येतो, दुसरीचा हक्क राज्याने वापरलेला नाही आणि तिसरीचा पैसा दर महिन्याला पगारातून थेट भोपाळला जातो.

हा तिसरा कर म्हणजेच मध्यप्रदेशातील वृत्तिकर. महाराष्ट्रात त्याला व्यवसाय कर म्हणतात आणि दोन्हीकडच्या कार्यालयांत तो ‘पीटी’ या नावानेच ओळखला जातो. मध्यप्रदेशात तो १९९५ च्या वृत्तिकर अधिनियमाखाली घेतला जातो. पगारदारांसाठी २०१८ पासून लागू असलेल्या दरांनुसार वर्षाचा पगार २,२५,००० रुपयांपर्यंत असेल तर हा कर लागत नाही. त्यापुढे ३ लाखांपर्यंत वर्षाला १,५०० रुपये, ३ ते ४ लाखांच्या दरम्यान २,००० रुपये आणि ४ लाखांच्या वर २,५०० रुपये असा तो आकारला जातो. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यात काम करणाऱ्या अथवा सौंसरच्या एखाद्या शाळेत शिकविणाऱ्या व्यक्तीने आपले पगारपत्रक उघडून पाहिले, तर वर्षाचा पगार ४ लाखांच्या वर असल्यास भविष्य निर्वाह निधीच्या कपातीखाली २०८ रुपयांची एक लहानशी ओळ दिसते; अकरा महिने २०८ आणि शेवटच्या महिन्यात २१२ मिळून २,५०० ची बेरीज पूर्ण होते. २,००० रुपये कर असलेल्यास अकरा महिने १६६ आणि एका महिन्यात १७४, तर १,५०० रुपये कर असलेल्यास दरमहा १२५ रुपये कापले जातात. ज्याच्या पगारपत्रकातील आकडा यांपैकी कशाशीच जुळत नाही त्याने लेखा विभागाकडे आपला वार्षिक पगार कोणत्या टप्प्यात धरला आहे हे विचारावे, आणि आस्थापना खासगी असेल तर तिचा वृत्तिकराचा नोंदणी क्रमांकही मागून घ्यावा. कर कापणे आणि तो वाणिज्यिक कर विभागाच्या खात्यात भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पगारपत्रकात दिसते, दुसरी विचारल्याशिवाय दिसत नाही.

या कराची कमाल मर्यादा २,५०० रुपयेच का, याचे उत्तर इतिहासात आहे आणि ते थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना व्यवसाय व नोकरीवर कर बसविण्याचा अधिकार दिला होता. त्याच्या आधारे संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, सरकारने १९३९ मध्ये पगारावर चढत्या दराने रोजगार कर घेण्याचे ठरविले, तेव्हा हा दुसऱ्या नावाने आलेला प्राप्तिकरच आहे असा आक्षेप केंद्राकडून घेतला गेला. तोडगा म्हणून त्या कायद्यात १४२-अ हे कलम घालून असा कर एका व्यक्तीकडून वर्षाला ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये असे बंधन घालण्यात आले. संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने तीच रचना पुढे चालू ठेवली. हा कर उत्पन्नाशी संबंधित आहे एवढ्याच कारणाने तो अवैध ठरणार नाही असे त्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे आणि मर्यादा २५० रुपये ठेवली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि आजतागायत तेथेच आहे. म्हणजे उत्पन्नावर राज्याने घ्यावयाचा कर भारतात आहे, परंतु तो वाढू नये यासाठी त्याला जन्मापासूनच कुंपण घातलेले आहे.

या कुंपणाचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो हे सौंसरच्याच जुन्या प्रांतातील एका खटल्यातून चांगले उमगते. मध्यप्रांत व वऱ्हाडातील नगरपालिका १९२२ च्या नगरपालिका कायद्याखाली कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगवर गाठींच्या संख्येनुसार कर घेत असत. अमरावती जिल्ह्यातील धामणगावच्या नगरपालिकेने असा कर घेतला आणि भारत कला भांडार या कंपनीने तो आपल्याकडून घटनात्मक मर्यादेपेक्षा जास्त वसूल झाल्याचे सांगून परताव्यासाठी दावा लावला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल देताना मर्यादेपलीकडची वसुली घटनाबाह्य असल्याचे आणि त्यासाठी दिवाणी दावा चालू शकतो असे ठरविले. कराची रक्कम गाठींवर ठरो वा पगारावर ठरो, व्यक्तीमागे वर्षाची मर्यादा ओलांडता येत नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. कापूस पिकविणाऱ्या आणि जिनिंगवर जगणाऱ्या या भागाने ते आपले समजून लक्षात ठेवावे इतके ते जवळचे आहे.

मर्यादा गोठल्याचा तोटा मात्र कमी पगाराच्या माणसाच्या वाट्याला येतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वर्षाला सव्वाचार लाख मिळविणारा कारखान्यातील कामगार आणि चाळीस लाख मिळविणारा त्याच कारखान्यातील वरिष्ठ अधिकारी हे दोघेही भोपाळला सारखेच २,५०० रुपये देतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या, आणि प्रमाणित वजावट धरून पगारदाराच्या बाबतीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या, नेहमीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर उरलेला नाही. त्यामुळे सहा लाख रुपये पगाराच्या शिक्षकाचा केंद्राला जाणारा प्राप्तिकर शून्य आहे आणि राज्याला जाणारा वृत्तिकर मात्र जसाच्या तसा आहे. मिळकतीच्या प्रमाणात कर हे तत्त्व मानावयाचे असेल, तर १९८८ मधील आकड्याचा पुनर्विचार होणे आणि त्याचबरोबर खालच्या टप्प्यांतील लोकांना त्यातून वगळणे या दोन्ही गोष्टी एकत्र व्हावयास हव्यात. केवळ मर्यादा वाढविल्याने न्याय होणार नाही. आणखी एक गोष्ट करदात्याने ध्यानात ठेवावी. जुन्या करप्रणालीत भरलेला वृत्तिकर पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत ही वजावट मिळत नाही. म्हणून दोन्ही प्रणालींची तुलना करताना हा आकडा योग्य रकान्यात धरला आहे की नाही हे फॉर्म १६ हाती आल्यावर तपासावे.

आता दिल्लीमार्गे येणाऱ्या पैशाकडे वळावे. केंद्राने गोळा केलेल्या प्राप्तिकरातील काही भाग राज्यांना देणे संविधानाच्या अनुच्छेद २७० ने बंधनकारक केले आहे आणि किती द्यावा हे अनुच्छेद २८० खाली नेमला जाणारा वित्त आयोग सुचवितो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांचा एकत्रित वाटा ४१ टक्के ठरविला आणि त्यातील ७.८५० टक्के मध्यप्रदेशास, ६.३१७ टक्के महाराष्ट्रास दिले. ज्या रकमेतून हे वाटप होते तिला विभाज्य निधी म्हणतात. त्यात उपकर, म्हणजे एखाद्या ठरावीक हेतूसाठी कराच्या रकमेवर लावलेला जादा कर, आणि अधिभार, म्हणजे मोठ्या उत्पन्नांच्या करावर चढविलेला जादा भार, धरले जात नाहीत. एखाद्या करदात्याने एक लाख रुपये प्राप्तिकर आणि त्यावर चार टक्के दराने आरोग्य व शिक्षण उपकराचे ४,००० रुपये भरले असे समजावे. उपकराच्या ४,००० रुपयांत कोणत्याही राज्याचा वाटा नाही. वसुलीखर्च बाजूला ठेवला तर उरलेल्या लाखापैकी ४१,००० सर्व राज्यांचे, आणि त्यातले ३,२१८ रुपये ५० पैसे मध्यप्रदेशाचे. त्याच करदात्याचा वृत्तिकर २,५०० रुपये असतो. एक लाख चार हजारांतून भोपाळपर्यंत पोहोचणारी रक्कम आणि पगारपत्रकातील त्या लहानशा ओळीतून पोहोचणारी रक्कम यांत सातशे-साडेसातशे रुपयांचाच फरक उरतो.

यावरून आपल्या भागाचा पैसा दिल्ली खाऊन टाकते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. या हिशेबातला मध्यप्रदेशाचा सुमारे ३.२२ टक्क्यांचा (४१ टक्क्यांतील ७.८५० टक्के) वाटा सौंसरच्या करदात्याच्या रकमेतून जसा निघतो तसाच मुंबई, पुणे आणि बंगळूरुच्या करदात्यांच्या रकमेतूनही निघतो, आणि प्राप्तिकराचे मोठे संकलन त्याच शहरांतून होते. वाटप ठरविताना कर कोठे भरला गेला हे पाहिलेच जात नाही. पंधराव्या आयोगाने ४५ टक्के भार उत्पन्न-अंतराला, म्हणजे राज्याचे दरडोई उत्पन्न संपन्न राज्यांपेक्षा किती मागे आहे याला दिला. लोकसंख्या आणि क्षेत्रफळ यांना प्रत्येकी १५, जननदर आटोक्यात आणण्यातील कामगिरीला १२.५, वने व पर्यावरणाला १० आणि स्वतःचा कर वसूल करण्याच्या प्रयत्नाला अवघे २.५ टक्के. दरडोई उत्पन्नात मागे, विस्ताराने मोठे आणि सातपुड्यातल्यासारखी वने बाळगणारे राज्य म्हणून मध्यप्रदेशाच्या पदरी जास्त पडते ते यामुळे. सौंसरची शाळा मुंबईच्या करदात्याच्या पैशावरही चालते, आणि ही उसनवारी नसून संविधानाने ठरविलेला हक्क आहे, हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी समजून घेतले तर प्रांतोप्रांतीच्या पुष्कळ कटू वादांना जागा उरणार नाही.

राज्यसूचीतील ४६ वी नोंद या भागासाठी तितकीच महत्त्वाची आहे, कारण सौंसर-पांढुर्ण्याची ओळखच संत्रा आणि कापूस अशी आहे. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकरातून मुक्त आहे. १९६१ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये असलेली ही मुक्तता १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही कायम आहे. त्यावर कर बसविण्याचा अधिकार फक्त राज्याला आहे, आणि आंबिया वा मृग बहाराच्या संत्र्याच्या विक्रीवर भोपाळ प्राप्तिकर घेत नाही. तरीही बागायतदाराने तीन गोष्टींत चूक होऊ देऊ नये. पहिली अशी की, स्वतःच्या बगीच्यातील फळांची विक्री हे शेतीचे उत्पन्न आहे, पण दुसऱ्याचा उभा बगीचा बोलीवर घेऊन माल नागपूरच्या बाजारात विकणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा हा व्यापाराचा नफा असून तो करपात्र असतो. एकच माणूस दोन्ही कामे करीत असेल तर त्याने हिशेबाच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. दुसरी, संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकेचे उत्पन्न कायद्याने शेतीचेच मानले आहे, दूधधंद्याचे मात्र मानलेले नाही.

तिसरी बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शेतीचे निव्वळ उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर शेतीच्या उत्पन्नावर कर लागत नसला तरी कराचा टप्पा ठरविताना ते मोजले जाते. सौंसरमधील एखाद्या डॉक्टरचे व्यवसायाचे करपात्र उत्पन्न १३ लाख आणि बगीच्याचे ३ लाख आहे असे समजावे. केवळ १३ लाखांवर २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत उपकरापूर्वीचा कर ७५,००० रुपये होतो. शेतीचे उत्पन्न दाखविल्यावर आधी १६ लाखांवरील कर, म्हणजे १,२०,००० रुपये काढतात, मग शेतीचे ३ लाख आणि करमुक्त मर्यादेचे ४ लाख मिळून ७ लाखांवरील कर, म्हणजे १५,००० रुपये त्यातून वजा करतात, उरतात १,०५,०००. बगीच्यामुळे कर ३०,००० रुपयांनी वाढला. हा कर शेतीवरचा नव्हे, डॉक्टरी उत्पन्नावरचाच असतो, फक्त वरच्या दराने. तेव्हा शेती करमुक्त आहे म्हणून ती विवरणपत्रात दाखविण्याचे कारण नाही, हा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. सातबारा वा खसऱ्याचा उतारा, मंडीच्या पावत्या आणि खताबियाण्यांची बिले वर्षभर जपून ठेवावीत.

वृत्तिकराची मर्यादा गोठलेली, शेतीवरील कर घेतलेला नाही आणि प्राप्तिकराचा वाटा दिल्लीने ठरविलेला, अशा स्थितीत राज्य आपला स्वतःचा पैसा मिळविते ते मुख्यतः खर्चावरच्या करांतून: वस्तू व सेवा करातील राज्याचा अर्धा भाग, पेट्रोल-डिझेलवरील मूल्यवर्धित कर, मद्यावरील उत्पादन शुल्क, जमिनीच्या खरेदीखतावरील मुद्रांक शुल्क. हे कर मिळकत विचारीत नाहीत. संत्रा तोडणारी मजूर बाई साबणाच्या वडीवर जेवढा कर देते तेवढाच बगीच्याचा मालक देतो. प्राप्तिकर न भरणाऱ्यांच्या पैशावर सरकारी सेवा चालत नाहीत, असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा, कारण तिचा वाटा तिच्या मजुरीच्या मानाने अधिक जड असतो.

सीमेवर राहणाऱ्यांचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत सौंसर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानीही नागपूरच होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, सौंसरसह छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. रोटीबेटीचा, बाजाराचा आणि दवाखान्याचा रस्ता मात्र बदलला नाही. सौंसरला राहून नागपुरात नोकरी करणाऱ्याचा व्यवसाय कर महाराष्ट्राला जातो, कारण नोकरीच्या बाबतीत घर नव्हे तर नोकरीचे ठिकाण पाहिले जाते. तेथे पुरुषाचा मासिक पगार १०,००० च्या वर असेल तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तर २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे. सीमेपलीकडे कामाला जाणाऱ्या महिलांनी आपली कपात या नियमाशी ताडून पाहावी. वर्षाच्या मध्यात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकरी बदलली असेल तर दोन्हीकडच्या कपातींच्या नोंदी जवळ ठेवाव्यात. उलट, बोरगावला काम करून भोपाळला वृत्तिकर देणारा कामगार गंभीर आजारात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘मेडिकल’मध्ये, दाखल होतो तेव्हा त्याच्यावरील खर्च महाराष्ट्राच्या तिजोरीतून होतो. शेजारच्या राज्याने हा भार माणुसकीने उचलला आहे. तरी छिंदवाड्याचे वैद्यकीय महाविद्यालय आणि पांढुर्णा जिल्ह्यातील रुग्णालये सक्षम करण्याची मागणी भोपाळकडे होत राहणे त्यामुळे अधिकच आवश्यक ठरते.

व्यवसाय कराचा पैसा कोठे जातो हे लोकांना दिसेल अशी व्यवस्था मराठी मुलखात एकदा झाली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर सुरू केला. पुढे रोजगार हमी कायद्याने त्या कराचे उत्पन्न वेगळ्या निधीत टाकून सरकारनेही त्यात आपली रक्कम घालावी अशी तरतूद केली. शहरातील पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा गावच्या बंधाऱ्यावर माती टाकणाऱ्या मजुराच्या मजुरीसाठी राखून ठेवला गेला, आणि २००५ चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा त्याच अनुभवावर उभा राहिला. न्यू जर्सीनेही १९७६ मध्ये प्राप्तिकर सुरू करताना त्याचे उत्पन्न घरपट्टीचा भार हलका करण्यासाठीच वापरावे असे राज्यघटनेत लिहिले. कर कशासाठी आहे हे ठाऊक असेल तर देणाऱ्याला तो टोचत नाही. मध्यप्रदेशात वृत्तिकर सर्वसाधारण महसुलात मिसळून जात असल्याने देणाऱ्याला त्याचा माग काढता येत नाही, ही त्या रचनेतील उणीव आहे.

तरीही गावच्या पातळीवर पैसा शोधण्याच्या वाटा मोकळ्या आहेत. मध्यप्रदेशाने १९७६ मध्ये नगरपालिकांची चुंगी बंद केली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून चुंगी क्षतिपूर्ती देण्यास सुरुवात केली. सौंसर वा पांढुर्णा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला ही रक्कम आणि वित्त आयोगाचे अनुदान वेगवेगळ्या ओळींवर असते. ग्रामपंचायतींच्या बाबतीत पंधराव्या आयोगाने अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला आणि ४० टक्के पंचायतीच्या गरजेनुसार वापरण्यास मोकळा ठेवला. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सचिवाने जमाखर्च वाचला की, बांधील रकमेतून नळयोजनेवर प्रत्यक्ष किती खर्च झाला हा एकच प्रश्न आधी विचारावा. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर त्याच पंचायतीच्या नोंदी पाहून मग उत्तर ताडता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून जिल्हा कार्यालयांसाठी छिंदवाड्याला जाण्याची गरजही कमी झाली आहे. एवढ्याने उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज हिंदीत, १० रुपये शुल्कासह द्यावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘सर्व खर्चाची माहिती द्यावी’ असे मोघम लिहिल्यास उत्तरही मोघम येते. त्याऐवजी एक आर्थिक वर्ष, एक शीर्षक आणि एक प्रभाग लिहून, मिळालेली रक्कम, खर्च झालेली रक्कम आणि देयकांच्या प्रती मागाव्यात. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करावे, आणि अर्जाची पोच त्याला जोडावी.